अक्का, तुझ्या खुर्चीवर मी बसले नाही

अक्का, हे तुला माझ्याच तोंडून कळू दे, नाहीतर कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेल. तुझ्या खुर्चीवर मी बसले नाही. उभी राहिले. शुक्रवारी आणि शनिवारी मिळून पाच तास तरी तुझ्या कॉम्प्युटरपुढे उभी होते. पायात गोळे आले, पण बसले नाही. भाऊजींनी बसायची मनाई केली होती. उभं राहायची मनाई करायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही, त्याला मी काय करू?

तू जाऊन तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत जो आला त्यानं मला एकच सांगितलं, मंगल, आता घरात तूच मोठी, समजुतीनं घे. समजुतीनं घे म्हणजे गप बस, हे मला कळतं. तू होतीस तोवर मला कुणी समजुतीनं घ्यायला सांगितलं नव्हतं, कारण तुझ्यापुढे कुणाची प्राज्ञा नव्हती. आता सगळ्यांना तोंड फुटलंय. म्हणून हे लिहायला बसले आहे, माझ्या स्वतःच्या खुर्चीवर, मागच्या खोलीत. चारचौघांत मी तुला "अहो अक्का" म्हणायचे आणि दोघीच असलो की "अगं". इथं दोघीच आहोत.

धारूरहून लग्न होऊन मी बीडला या घरात आले, तेव्हा थोरल्या जावेची मी धास्तीच घेतली होती. तू चौसाळ्याची. तुझा आवाज असा की पुढच्या खोलीत खोकलीस तरी मागच्या मोरीत कळायचं. पुढच्या खोलीत तुझं टायपिंगचं काम चालायचं. कोर्टाच्या कामाची प्रतिज्ञापत्रं, क्लासवाल्यांचे सराव पेपर, लग्नपत्रिकांचा मजकूर. महिनाभर तू माझ्याकडे नुसतं बघितलंस आणि एक दिवस विचारलंस, "मंगल, टायपिंग शिकतीस का नुसत्या भाकरीच थापनार हायेस?"

मी हो म्हटलं. पण माझ्या होला काय किंमत होती? तू तुझ्या नवऱ्याला, भाऊजींना विचारलंस. ते म्हणाले, शिकू दे. मला वाटलं झालं. पण मग आमच्या यांना विचारावं लागलं. हे म्हणाले, "भाऊ हो म्हनला आसंल तर ठीकाय, पन बघू." त्या एका "बघू"त तीन महिने गेले. दोघांचा होकार लागायचा, एकाचा असून भागत नव्हतं. शेवटी तू यांच्या ताटात भाजी वाढता वाढता म्हणालीस, "भाऊजी, तुमचं बघून झालं का? न्हाई तर चष्मा करून देते." दुसऱ्या दिवसापासून मी तुझ्या शेजारी स्टुलावर बसायला लागले.

दुसरा कॉम्प्युटर आपण बसस्टँडमागच्या रफीकभाईंकडून जुनाच घेतला आणि तो मागच्या खोलीत ठेवला, स्वयंपाकघराला लागून, म्हणजे मला कुकरच्या शिट्ट्या मोजता येतील. आधी आपण पेन ड्राइव्हवर काम न्यायचो आणायचो. मग तो प्रकार घडला. मी दुरुस्त केलेला पेपर माझ्याकडे राहिला, न दुरुस्त केलेला तू छापलास, आणि क्लासच्या सरांनी साठ पोरांपुढे तो वाटला. सर घरी येऊन उंबऱ्यातूनच बोलले, आत आलेसुद्धा नाहीत. ते गेल्यावर तू पेन ड्राइव्ह उचललास आणि फिनेलच्या बाटलीशेजारी नेऊन ठेवलास. म्हणालीस, "एक काम, एक जागा. दोन ठिकानी ठिवलं की घोळ झालाच म्हून समज."

एक जागा म्हणजे तुझ्या कॉम्प्युटरवरचं "कामे" नावाचं फोल्डर. ते मला माझ्या कॉम्प्युटरवरून उघडता यायला हवं होतं. रफीकभाई म्हणाले, "भाबी, ह्ये तुमच्याच्यानं न्हाई व्हायचं. मी येऊन करून देतो." झालं. त्यांनी ते वाक्य बोलायला नको होतं. तू घरी आलीस ती निळी वायर विकत घेऊनच. स्टुलावर चढून, तोंडात खिळे धरून, पुढच्या खोलीच्या चौकटीवरून, देव्हाऱ्यामागून, मागच्या खोलीपर्यंत ती वायर ठोकलीस. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून चार दिवस खपलीस. दोन्ही मशिनांना नावं दिलीस, एक अक्का आणि एक मंगल. पाचव्या दिवशी माझ्या पडद्यावर "अक्का" नाव दिसलं, त्यावर टिचकी मारली तर "कामे" उघडलं. तू पुढच्या खोलीतून ओरडलीस, "आली का मी?" मी ओरडले, "आली!" शेजारची बाई भिंतीपलीकडून म्हणाली, "कोन आलंय वं?"

त्यानंतर तू कायदा केलास. काही बिघडलं तर "आदी दिवा बघ. मग वायर बघ. मग नाव बघ. मग बंद करून चालू कर. आन् तरीबी न्हाई झालं तरच मला हाक मार." नेटच्या डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकतोय का, हे मी आंघोळीआधी बघायला लागले, इतकं ते अंगवळणी पडलं. जे बिघडेल ते तू वहीत लिहायचीस आणि दुरुस्त झालं की पुढे लाल पेनानं टिक करायचीस. उंदरानं देव्हाऱ्यामागं वायर कुरतडली, टिक. वीज जाऊन आल्यावर मशीन दिसेना, टिक. मी म्हणायचे, कशाला लिहितेस, तुला तर सगळं पाठ आहे. तू म्हणायचीस, "मला हाय गं. तुला कुटं हाय?" आणि मी म्हणायचे, तू आहेस ना, मग मला कशाला पाहिजे. हे मी किती वेळा म्हटलं असेल? आता त्यातलं एकेक वाक्य मला टोचतं.

पण एक गोष्ट कधीच झाली नाही. तुझं फोल्डर मला उघडता यायचं, वाचता यायचं, पण त्यात एक कानामात्रा बदलून साठवायला गेले की मशीन नाही म्हणायचं. फक्त वाचण्यासाठी. इतकी वर्षं मी मागच्या खोलीतून चुका वाचायच्या आणि तू पुढच्या खोलीत त्या दुरुस्त करायच्या, असंच चाललं. मी ओरडायचे, "चौदा, पर्याय ड, वेलांटी दुसरी!" तू ओरडायचीस, "झालं, फुडं!" आपल्या ओरडण्यानं गल्लीतल्या पोरांचं सामान्यज्ञान वाढलं, ही गोष्ट वेगळी. पण मला ते लागायचं, अक्का. मला वाटायचं, ही मला वाचू देते, हात लावू देत नाही. दोन-तीनदा विचारलं तर तू म्हणालीस, "करते, करते." आणि विषय बदललास. तू विषय बदललास की मला खात्रीच पटायची.

तेविसाव्या प्रश्नावरून झालेलं भांडण तुला आठवत असेलच. माझ्या तर डोक्यातून जात नाही. भरतीच्या सराव परीक्षेचा शंभर प्रश्नांचा पेपर होता. तेविसावा प्रश्न, बीड शहर कोणत्या नदीच्या काठी वसले आहे. पर्याय अ बिंदुसरा, आणि पर्याय क, तोही बिंदुसरा. दोन्ही बरोबर. मी ओरडले. तू फोनवर होतीस, ऐकलं नाहीस. मी पुन्हा ओरडले. मग मीच क च्या जागी सिंदफणा लिहिलं आणि साठवायला गेले, तर तेच, फक्त वाचण्यासाठी. डोक्यात तिडीक गेली. तुझ्या खोलीत येऊन, सर समोर बसलेले असताना, मी बोलले. "तुमचा माझ्यावर भरवसाच न्हाई. एवढी वर्सं झाली, एक अक्षर बदलू देत न्हाई तुमी मला. मी काय हितली मोलकरीन हाय का?"

तू काहीच बोलली नाहीस. तुझ्यासारखी बाई, जिनं आयुष्यात कुणाचं उसनं ठेवलं नाही, ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून तोंड बंद झालं. त्यानंतर आठ दिवस मी तुझ्याशी कामापुरतंही धड बोलले नाही. नवव्या दिवशी तू गेलीस. पेपर अठ्ठ्याहत्तर प्रश्नांवर थांबला. सरांच्या हाताने लिहिलेले उरलेले बावीस प्रश्न तुझ्या टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली तसेच राहिले.

पुढचं तू बघितलं असशील किंवा नसशील, म्हणून सांगते. भाऊजींनी तुझा फोटो कुठं ठेवला माहीत आहे? तुझ्या खुर्चीवर. हार घातला, खाली स्टुलावर समई लावली, आणि सांगितलं की वर्षश्राद्ध होईपर्यंत या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. त्यांच्या मनातलं मला कळलं. मी मान हलवली. पण तेराव्यानंतर दोन दिवसांनी ते म्हणाले, "मंगल, ती मशिनं कुनाला तरी देऊन टाकू. मोबाईलच्या कव्हरवाला दुकानासाठी फुडची खोली बघायला सोमवारी येतोय. जिला समजत हुतं ती गेली. आता कशाला हत्ती गेला आन् शेपूट ऱ्हायलं?"

शेपूट मी, हे उघडच होतं. मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "भाऊ म्हनतो ते ऐक." तेव्हाच सरांचा फोन आला, की वहिनी, दुःखाचा प्रसंग आहे, पण रविवारची परीक्षा आहे, दुसरीकडे देऊ का? मी दोघांच्या देखत म्हटलं, "न्हाई सर. रविवारी सकाळी पेपर न्यायला या." फोन ठेवला आणि भाऊजींना म्हटलं, "पेपर निघाला तर खोली द्यायची न्हाई." ते म्हणाले, "निघाला तर बघू." या घरातल्या पुरुषांचं "बघू" मला नवं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी माझा कॉम्प्युटर चालू केला आणि मशिनांच्या यादीत "अक्का" नव्हतं. फक्त "मंगल". मी एकटीच.

हिरवा दिवा बघितला, होता. वायर चौकटीपासून देव्हाऱ्यापर्यंत हातानं चाचपत गेले, धड होती. दोन्ही मशिनं बंद करून चालू केली. तुझं चालू करायला गेले तेव्हा खुर्ची आडवी येत होती. तुझा फोटो दाराकडे तोंड करून, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत. मला ते बघवेना. खुर्चीला चाकं आहेत, मी ती अलगद फिरवली, तुझं तोंड पडद्याकडे केलं आणि समई वायरींपासून लांब सरकवली. मग तुझ्या शेजारी उभी राहिले. पण नाव काही दिसेना. कायद्यातलं सगळं करून झालं होतं. आता हाक मारायची होती. सवयीनं तोंड उघडलं आणि मग आठवलं. तिथंच उभी राहून रडले, अक्का. तेराव्याला पाहुण्यांत रडले नाही म्हणून बायका कुजबुजल्या होत्या. त्यांना काय माहीत, मला रडायला कुठली जागा लागते.

डोळे पुसले आणि रफीकभाईंना फोन लावला. तू कधीच लावला नसतास, माहीत आहे. माझं नाक तुझ्याएवढं मोठं नाही.

ते म्हणाले, "भाबी, दिवा लागतोय ना? मंग वायर बराबर हाय. मधी काई बदललं का?"

मी म्हटलं, नेटचा डबा नवा बसवलाय. पाहुण्यांच्या मोबाईलला पुरत नव्हतं म्हणून भाऊजींनी बदलून घेतला.

"मंग त्येच. नवा डबा म्हंजे कॉम्प्युटरला वाटतं आपन नव्या जागी आलो. तो इचारतो, इथली मंडळी घरची हायत का भायेरची? दुसऱ्यांना मी दिसू का? कुनी तरी न्हाई म्हनलंय बगा."

घरात तुझ्या मशीनला हात लावणारं दुसरं कोण होतं? भाऊजी ओसरीत वर्तमानपत्र वाचत होते.

"भाऊजी, अक्काचा कॉम्प्युटर तुमी चालू केलता का?"

"तिच्या फ्लेक्ससाठी त्यातला फोटो घ्यायला केलता. कावून?"

"तवा काई इचारलं का त्यानं?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "इचारलं हुतं. विंग्रजीत. दुसऱ्यांना ह्यो दिसू द्यायचा का, आसं. मी न्हाई दाबलं."

"न्हाई कावून?"

"जो येतोय तो बघतोय, मंगल. तिचं कपाट बघत्यात, तिच्या गोळ्या बघत्यात, कसं झालं, कवा झालं, परत परत इचारत्यात. मला वाटलं, ह्ये एक तरी कुनाला दिसू नाई."

मी त्यांच्याशी भांडायची तयारी करून गेले होते. तशीच परत आले. या माणसानं तुला लोकांच्या नजरेपासून झाकलं होतं, एवढंच. त्यात तू मलाही दिसेनाशी झालीस, हे त्याला कसं कळावं?

तुझ्या मशीनवर रफीकभाईंनी सांगितलेली जागा सापडली. तिथं पब्लिक होतं, ते प्रायव्हेट केलं. शब्द ऐकून उलटं वाटतं, पण त्याचं म्हणणं साधं आहे. बाहेर असलं की तोंड झाकून राहायचं, घरात असलं की मोकळं. हे मशीनला शिकवावं लागतं, आपल्याला नाही. मागच्या खोलीत धावत आले. यादीत "अक्का" होतं. मंगलच्या वर, जिथं नेहमी असतं तिथं. मी हळूच म्हटलं, "आली." या वेळी भिंतीपलीकडून कुणी विचारलं नाही.

पेन ड्राइव्हवर घे की, असं मला या दोन दिवसांत आमच्या यांनी चारदा सुचवलं. मी त्यांना फिनेलच्या बाटलीकडे बोट दाखवलं. एक काम, एक जागा.

शनिवारी सकाळी मागच्या खोलीत बसले. तुझे अठ्ठ्याहत्तर प्रश्न वाचून काढले आणि खाली माझे बावीस टाइप केले. आधी मात्र तेविसावा. क मधला बिंदुसरा खोडला, सिंदफणा लिहिलं. सगळं झाल्यावर साठवायला गेले आणि मशीन म्हणालं, फक्त वाचण्यासाठी.

मी तुला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. देव्हाऱ्यातल्या देवांनी ऐकलंय, तेवढं पुरे. थोडक्यात सांगते, मी म्हटलं, गेलीस तरी हात लावू देत नाहीस. एवढा कसला गं तुला माझा संशय? आणि मग मी रागाच्या भरात तुझ्या मशीनपुढे जाऊन उभी राहिले, तुझ्या फोटोकडे न बघता, आणि रफीकभाईंना पुन्हा फोन लावला. म्हटलं, तिनं मला बंदी घालून ठेवलीये, ती काढायची कशी ते सांगा.

ते एकेक पायरी सांगत गेले. फोल्डरवर उजवी टिचकी. प्रॉपर्टीज. शेअरिंग. परमिशन. "आता काय दिसतंय ते वाचा, भाबी."

मी वाचलं. वर माझं नाव होतं. मंगल. खाली तीन ओळी. फुल कंट्रोल, टिक. बदल, टिक. वाचणे, टिक.

"परत वाचा."

परत वाचलं. तिन्ही टिका जागच्या जागी होत्या.

"मंग मोठ्या भाबीनी तर तुमाला सगळं देऊन ठिवलंय," रफीकभाई म्हणाले. "बंदी कुटं हाय? ह्याला दोन दरवाजे आसतात. एक शेअरिंगचा, त्यो त्यांनी सताड उघडा केलाय. दुसरा शेजारीच हाय, सिक्युरिटीचा. त्यो त्यांना ठावा नसंल. दोन्ही उघडे पायजेत. एक बी बंद ऱ्हायला तर बंदच."

दोन होकार. एकाचा असून भागत नाही. तुला हे माहीत नव्हतं? साऱ्या जगात तुला माहीत नव्हतं? माझ्यासाठी एकदा दोन्हीकडचे होकार आणणारी बाई तू, आणि इथं एकावरच थांबलीस.

मला दिलं होतंस तू. कधी दिलंस ते कळायला मार्ग नाही, पण दिलं होतंस, एक नाही, तिन्ही. मी सरांदेखत तुला भरवसा नाही म्हणाले, तेव्हा तू गप्प बसलीस, कारण देऊनही का पोचत नाही हे तुला कळत नव्हतं आणि कळत नाही हे तुला सांगायचं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. घे आता. त्या मुठीपायी आपले आठ दिवस गेले, अक्का, आणि ते शेवटचे होते. याचा मला राग आहे. तू गेलीस म्हणून तो मी गिळणार नाही. आणि माझ्या जिभेचा मला त्याहून जास्त राग आहे, तोही लिहून ठेवते.

दुसऱ्या दारावर माझं नाव मीच घातलं. टिक मीच केली. कुणाला विचारलं नाही. मागं येऊन साठवलं. मशीन काहीच बोललं नाही, साठवलं गेलं, इतकं साधं.

मग छापायला दिलं. प्रिंटर तुझ्या टेबलावर, मी मागच्या खोलीत. माझ्या लक्षातच आलं नाही की पुढच्या खोलीत भाऊजी तुझ्या फोटोसमोर समईत तेल घालत असतील. रिकामी खोली, खुर्चीवर तुझा फोटो, आणि तुझा प्रिंटर आपोआप घरघरायला लागला. भाऊजींचा आवाज आला, फाटल्यासारखा. "कोन हाय? कोन हाय तितं?"

मी जागेवरूनच ओरडले, "मी हाय भाऊजी! मागल्या खोलीतून छापतेय!"

प्रिंटर चालू राहिला. मी उठून दारापर्यंत गेले आणि थांबले. भाऊजी वाकून एकेक कागद घेत होते. शेवटचा आला तेव्हा त्यांनी गठ्ठा टेबलावर उभा आपटला, मग आडवा आपटला, तू करायचीस तसा, चारी कडा एकसारख्या होईपर्यंत. तुला ते करताना ते इतकी वर्षं बघत होते, हे मला माहीत नव्हतं. मग त्यांनी खुर्चीकडे बघितलं, पडद्याकडे तोंड केलेल्या. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी फोटोवरचा हार जरा सारखा केला आणि खुर्ची तशीच ठेवली. कागद माझ्या हातात दिले.

"ह्ये बरोबर हाय का बघ," ते म्हणाले. "मंग बाकीच्या प्रती काढ. कव्हरवाल्याला मी न्हाई म्हनून कळवतो."

रविवारी सर आले. आत आले, चहा घेतला, पेपर नेले. तेविसाव्याला एकच बरोबर उत्तर होतं.

आज हे सगळं तुझ्या वहीत लिहायला घेतलं, कारण कायदा म्हणजे कायदा, जे बिघडलं ते लिहायचं. वही तुझ्या खणातून काढली, उभ्यानंच. शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. सगळ्या ओळींपुढे लाल टिका आणि सर्वांत खालच्या ओळीपुढे काही नाही. ती ओळ तुझ्या त्या मोठ्या, पाटीवर लिहावं तशा अक्षरात.

"मंगलला सगळं दिलं. तरी तिच्याकडून सेव्ह होत नाही. का? रफीकभाईंना विचारणे."

तू रफीकभाईंना विचारणार होतीस. ज्यांना तू मेले तरी विचारणार नाही म्हणायचीस, त्यांना, माझ्यासाठी.

मी विचारलं, अक्का. तुझ्याच लाल पेनानं त्या ओळीपुढे टिक केली आणि खाली लिहिलं, दोन ठिकाणी द्यावं लागतं. मशिनांच्या यादीतलं तुझं नाव कुणी काढ म्हटलं, तरी मी काढणार नाही. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी तुझा फोटो भिंतीवर जाईल आणि त्या खुर्चीवर मी बसेन, कुणाचंही "बघू" न ऐकता. तोवर उभी आहे.